खान्देशात बँड ऐकायला निघताना

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, अमळनेर. बदलीमुळे, नोकरीमुळे किंवा शिक्षणासाठी यांपैकी एखाद्या गावात नवं आलेलं माणूस महिन्या-दोन महिन्यांत विचारतंच: इथे संध्याकाळी कुणाला समोर वाजवताना ऐकायचं असेल तर जायचं कुठे? ठरलेल्या वारी ठरलेला बँड वाजतो असं पुण्या-मुंबईसारखं ठिकाण इथे सहसा सापडत नाही. तिकीटखिडकी नाही, महिन्याचा छापील तक्ता नाही. मग 'इथे काही होतच नाही' असं धरून लोक घरी बसतात, दोन-तीन वर्षं काढतात आणि पुढच्या बदलीला निघूनही जातात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण खान्देशाइतका वाजवणारा मुलूख महाराष्ट्रात थोडाच असेल.

अडचण एवढीच आहे की इथल्या गाण्याला कायमचं घर नाही. नाट्यगृह, लॉन, गणपतीचा मंडप, कॉलेजचं मैदान, हायवेवरच्या हॉटेलची हिरवळ, भर रस्ता. तीच माणसं आज इथे वाजवतात, उद्या तिथे. म्हणून जागा शोधत फिरू नका. वाजवणारी माणसं शोधा, त्यांच्या तारखा धरा, जागा आपोआप कळत जातील. पुढचं सगळं त्याच धोरणानं सांगतो.

पहिलं काम: कोण काय वाजवतं ते ओळखा

'बँड' म्हटलं की इथल्या दहापैकी नऊ जणांच्या डोळ्यांसमोर लग्नाचा बँड येतो. तिथूनच सुरुवात करा, कारण खान्देशातले सगळ्यात तयार वादक त्यातच आहेत. क्लॅरिनेट, ट्रंपेट, युफोनियम, साइड ड्रम, ढोल, झांज ही जुनी मांडणी. त्यात आता कीबोर्ड आला, ऑक्टापॅड आलं (वाजवणारे त्याला नुसतं 'पॅड' म्हणतात), आणि दिव्यांनी सजवलेल्या गाडीवर स्पीकर, जनरेटर, माइक घेऊन गाणारा किंवा गाणारी. धुळे, साक्री, शिरपूर, नंदुरबार, नवापूर या पट्ट्यातले बँड एका संध्याकाळी हिंदी सिनेमा, मराठी लोकगीत आणि अहिराणी गाणी यांतून सहज फिरतात. गुजरातच्या सीमेकडे सरकलात तर टिमली आणि रोडाली ऐकू येते. तो आदिवासी पट्ट्यातला नाचाचा ठेका आहे, आणि एकदा कानात बसला की पाय जागेवर राहत नाहीत.

दुसरा प्रकार ऑर्केस्ट्राचा. जुनी हिंदी-मराठी गाणी, निवेदक, मध्ये मध्ये गायकाच्या आठवणी. इथे निमंत्रणपत्रिका नीट वाचा. 'वाद्यवृंदासह' असं लिहिलेलं असेल आणि वादकांची नावं छापलेली असतील तर माणसं वाजवणार आहेत. नुसती गायकांची नावं असतील तर बहुतेक ट्रॅकवर गाणं होणार आहे. डॉक्टर, शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेली मंडळी यांचे कराओके ग्रुप गेल्या काही वर्षांत खूप वाढले. ती माणसं जीव लावून गातात, जरूर ऐका. पण तुम्हाला वाद्यं ऐकायची असतील तर आधी विचारून जा.

तिसरा, अहिराणी स्टेज शो. यातले गायक यूट्यूबमुळे घराघरांत पोचले आहेत आणि जळगाव-धुळ्यापासून मालेगाव-सटाण्यापर्यंत त्यांचे कार्यक्रम होतात. सुरतेत खान्देशी वस्ती मोठी असल्यामुळे शनिवार-रविवारी आपल्या आवडीचा गायक सुरतेला गेलेला असणं हेही नेहमीचंच.

चौथा प्रकार बाहेरून आलेल्या लोकांना सहसा ठाऊक नसतो: भीमगीतांचे कार्यक्रम. १४ एप्रिलच्या आगेमागे वस्त्यावस्त्यांतून मंच उभे राहतात. हार्मोनियम, ढोलकी, पॅड, बेंजो आणि कोरस. काही ठिकाणी दोन गायनपार्ट्या समोरासमोर बसून सवाल-जवाबाच्या ढंगात गातात. शब्द, ताल आणि गाणाऱ्याची तयारी या तिन्ही बाबतींत मला हे कार्यक्रम खान्देशातल्या उत्तम गाण्यांपैकी वाटतात.

शेवटी कॉलेजची पोरं. गिटार, कहोन (वर बसून हातानं वाजवायची लाकडी पेटी), एखादा कीबोर्ड. कॅफेच्या कोपऱ्यात, गॅदरिंगमध्ये, कुणाच्या वाढदिवसाला ती वाजवतात. ग्रुप जमतात आणि परीक्षा झाल्या की फुटतात, त्यामुळे आज आवडला तर पुढच्या वर्षी ऐकू असं म्हणू नका.

दुसरं काम: तारखा काढणं

सगळ्यात पक्की बातमी साउंडवाल्याकडे असते. शहरात कुठे काय वाजणार आहे हे आयोजकाच्या आधी त्याला कळतं, कारण स्पीकर त्याच्याकडूनच जाणार असतात. आपल्या भागातल्या साउंड सर्व्हिसच्या दुकानात दुपारच्या वेळी जा, चहा सांगा आणि सरळ विचारा: "भाऊ, येत्या आठ-पंधरा दिवसांत लाइव्ह वाद्यांचं काही आहे का? मला ऐकायला यायचंय." त्याला आधी नवल वाटेल, मग तो फोन काढून तारखा वाचून दाखवेल. तसंच दुसरं ठिकाण म्हणजे ढोलकी-तबल्याला शाई-वादी करून देणारं, हार्मोनियम सुरात लावून देणारं दुकान. तिथे वादक येऊन बसलेले असतात. तबल्याच्या वादीसाठी थांबलेल्या माणसाशी झालेल्या गप्पांतून जेवढं कळतं तेवढं कुठल्या जाहिरातीतून कळत नाही.

बँडवाल्यांच्या आणि अहिराणी गायकांच्या यूट्यूब व्हिडिओखाली बहुतेक वेळा सुपारीसाठी फोन नंबर दिलेला असतो. त्यावर फोन करायला हरकत नाही, फक्त वेळ पाळा. लग्नसराईत संध्याकाळी ही माणसं वरातीत असतात आणि सकाळी उशिरापर्यंत झोपलेली असतात. दुपारी अकरा ते एक ही बरी वेळ. पहिल्याच वाक्यात सांगा की सुपारी द्यायची नाही, सार्वजनिक कार्यक्रम कधी आहे एवढंच विचारायचं आहे. समोरचा अहिराणी बोलत असेल आणि तुम्हाला थोडी येत असेल तर बोलाच. "भाऊ, पुढला कार्यक्रम कथा शे?" (पुढचा कार्यक्रम कुठे आहे?) एवढं विचारलं तरी पलीकडचा आवाज मोकळा होतो.

वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावरची दिवसभराच्या कार्यक्रमांची छोटी चौकट, चौकातले फ्लेक्स, नाट्यगृहाच्या फाटकावरचा फळा हे तर आहेच. इन्स्टाग्राम कॅफेवाल्यांसाठी आणि कॉलेजच्या ग्रुपसाठी कामाचं. आकाशवाणीची जळगाव आणि धुळे ही केंद्रंही ऐकत चला. तिथल्या लोकसंगीताच्या कार्यक्रमांतून स्थानिक कलाकारांची नावं कानावर पडतात आणि तीच नावं पुढे फ्लेक्सवर ओळखू येतात.

वर्ष कसं फिरतं

हे समजलं की निम्मं काम झालं.

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि मधला धनुर्मास सोडला तर उन्हाळ्यापर्यंत चालते. या काळात चांगले वादक मुहूर्ताच्या दिवशी मोकळे नसतात. भिंतीवरच्या कॅलेंडरात लग्नाचे मुहूर्त छापलेले असतात ते बघा. दाट मुहूर्ताच्या दिवशी नाट्यगृहात फारसं काही मिळणार नाही, पण संध्याकाळी शहरातल्या लॉन्सच्या रस्त्यावर अर्धा तास उभे राहिलात तर तीन-चार बँड एकामागून एक ऐकायला मिळतील. मुहूर्त नसलेल्या दिवशी तेच वादक मंचावर सापडतात.

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला ऊन असं तापतं की उघड्यावरचा कार्यक्रम सूर्य बुडाल्याशिवाय सुरूच होत नाही. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांकडे झुकतो. त्या दिवसांत बसायला गेलात तर जमीन आणि खुर्च्या रात्री आठलाही गरम असतात. पाण्याची बाटली स्वतःची न्या.

पावसाळ्यात लग्नं थांबतात आणि देवाची गाणी सुरू होतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई ही खान्देशाची देवी बसते, रात्र जागवली जाते, आणि सोमवारी विसर्जनाला गल्लीगल्लीतून वाजतगाजत मिरवणूक निघते. बायका पुढे, डोक्यावर कानबाई, मागे बँड. खान्देशाबाहेरच्या माणसानं हे एकदा तरी बघावं. मग गणपती. दहा दिवस मंडळांचे मंच, आणि नंदुरबारला विसर्जनाच्या मिरवणुकीत दादा आणि बाबा या मानाच्या गणपतींची हरिहर भेट. मग नवरात्र, ज्यात नंदुरबार-नवापूरकडे गरब्याला समोर बसून वाजवणारे संच अजूनही मिळतात. कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावातून श्रीरामाचा रथ निघतो. ही प्रथा १८७२ पासूनची. रथापुढची भजनी मंडळं, झेंडे आणि वाद्यं ऐकायची तर सकाळीच जा, दुपारी गर्दीत शिरणं कठीण.

डिसेंबर-जानेवारी हा मंचावरच्या कार्यक्रमांचा खरा मोसम. दत्तजयंतीच्या सुमाराला तापीकाठी सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते आणि चेतक महोत्सवात संध्याकाळी गाण्या-नाचाचे कार्यक्रम होतात. जानेवारीत जळगावला बालगंधर्व संगीत महोत्सव होतो. तो शास्त्रीय संगीताचा, बँडचा नव्हे, पण शहरातले सगळे वादक श्रोते म्हणून तिथे भेटतात, म्हणून नव्या माणसानं जावंच. हिवाळ्यातच बहिणाबाई महोत्सव असतो, त्यात लोककला मंचावर येतात. वहीगायन म्हणून खान्देशाची एक जुनी गायकी आहे, डफाच्या ठेक्यावर कथा गात नेणारी. ती कुठे ठेवली असेल तर बाकी सगळं सोडून ती गाठा, कारण गाणाऱ्या पार्ट्या आता थोड्याच उरल्या आहेत.

आणि एक वेगळी नोंद. विद्यापीठाचा 'युवारंग' महोत्सव. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली स्थापन झालं आणि जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. युवारंगात तिन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं उतरतात, दर वर्षी यजमान कॉलेज बदलतं. समूहगीत, पाश्चात्य गायन, लोकसंगीताचा वाद्यवृंद अशा स्पर्धा असतात. लोकसंगीताच्या वाद्यवृंदाची फेरी चुकवू नका. अक्कलकुवा-धडगावकडची मुलं पावरी (फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य) आणि मोठा ढोल घेऊन उतरतात तेव्हा मांडवात बसलेले परीक्षकही सरसावून बसतात. बाहेरच्या माणसाला प्रवेश आहे का, ते यजमान कॉलेजच्या कार्यालयात आधी विचारा.

ठिकाणं आणि तिथली बसण्याची जागा

जळगावात महाबळ परिसरातलं छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह हे बंदिस्त, वातानुकूलित. बालगंधर्व खुलं नाट्यगृह हे आकाशाखालचं. काव्यरत्नावली चौकाजवळच्या भाऊंच्या उद्यानात छोटेखानी बैठका आणि दिवाळीच्या दिवसांत पहाटेचे कार्यक्रम होतात. मोठे शो सागर पार्कच्या किंवा शिवतीर्थाच्या मैदानावर. धुळ्यात राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर, नंदुरबारात छत्रपती शिवाजी महाराज नाट्यमंदिर. याखेरीज हायवेवरची फॅमिली गार्डन हॉटेलं शनिवार-रविवारी गायक-कीबोर्डवाला ठेवतात. तिथे ऐकणारे कमी आणि जेवणारे जास्त असतात, तरी एकट्या कलाकाराशी निवांत बोलायला तेच ठिकाण बरं.

नाट्यगृहात पुढच्या दोन-तीन रांगा पाहुण्यांसाठी राखीव असतात, आणि त्या मिळाल्या नाहीत म्हणून हळहळू नका. अगदी पुढे बसलं की मंचावरच्या ड्रमचा सरळ आवाज अंगावर येतो आणि गायकाचा आवाज मोठ्या स्पीकरमधून डोक्यावरून मागे जातो. शब्द कळत नाहीत. मधल्या रांगा, आणि त्यातही मध्यभाग घ्या. खुल्या मैदानात तर सोपी खूण आहे: मिक्सर घेऊन साउंडवाला जिथे बसलाय त्याच्या पुढे दहा-पंधरा पावलांवर उभे राहा. तो स्वतःच्या कानाला ऐकू येईल तसा आवाज बसवत असतो, त्यामुळे चांगला आवाज त्याच्याच आसपास असतो. भिंतीला लागून किंवा पत्र्याच्या शेडखाली बसू नका, तिथे खर्जाचा नुसता घुमारा होतो.

मिरवणुकीतल्या बँडसाठी नियम वेगळा. गाडी आणि नाचणारी मंडळी यांच्या मधल्या जागेत शिरू नका. रस्त्याच्या कडेनं, फुंकून वाजवणाऱ्यांच्या ओळीबरोबर चाला. गाडीचे स्पीकर मागे राहतात आणि क्लॅरिनेट-ट्रंपेटचा मूळ आवाज ऐकू येतो. मुखडा कोण घेतं आणि उत्तर कोण देतं याकडे लक्ष द्या. जुन्या घडणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट गायकाची ओळ धरतं आणि मधल्या जागा ट्रंपेट भरतात. खाली युफोनियम सूर धरून ठेवतं. हे तिघे एकमेकांकडे न बघता एकत्र श्वास घेतात. तेवढं ऐकू आलं की पुढे कुठलाही बँड ऐकताना तुमचा कान आधी तिकडेच जाईल.

लग्नाच्या वरातीला रस्त्यावर उभं राहून ऐकणं यात काही गैर नाही, गावच ऐकत असतं. मांडवात मात्र बोलावल्याशिवाय जाऊ नका. कुणी हात धरून "या ना, जेवून जा" म्हणालं, आणि खान्देशात ते म्हणतातच, तर ज्यांनी बोलावलं त्यांच्यासोबतच जा आणि यजमानांना नमस्कार करा.

त्या संध्याकाळी

पत्रिकेवर साडेसहा लिहिलेलं असतं. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक, पाहुण्यांचं मनोगत हे सगळं धरलं तर पहिला सूर साडेसातच्या आसपास लागतो. तरीही मोफत प्रवेशाच्या कार्यक्रमाला सव्वासहालाच पोचा. मधल्या रांगा तेव्हाच मिळतात, आणि नशीब असेल तर वाद्यं लावून बघणं चाललेलं असतं. ढोलकी सुरात आणताना वाजणाऱ्या थापा, "हॅलो, चेक" म्हणत गायकानं घेतलेली अर्धी तान, ही ऐकायची गोष्ट आहे.

प्रवेशिका बहुधा मोफत असतात आणि प्रायोजकांच्या दुकानांत, वाद्यांच्या दुकानात किंवा आयोजकांकडे दोन-चार दिवस आधी मिळतात. मिळाल्या नाहीत तरी जा. 'काही जागा राखीव' असं लिहिलेलं असलं तरी मागे जागा होतेच.

उशिरानं जाऊ नका याला आणखी एक कारण आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीच्या ठरावीक दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. बाकी दिवशी दहाच्या ठोक्याला मैदान बंद. म्हणून अनुभवी गायक आपली सगळ्यात जोरकस गाणी साडेनऊ ते दहाच्या मधे ठेवतात. गाडी काढायची घाई करून साडेनऊला उठणारे लोक नेमकं तेच गमावतात. गाडी बाहेर पडायच्या दिशेनं तोंड करून आधीच लावा आणि शेवटपर्यंत बसा.

परतीचं मात्र पक्कं करून या. जळगाव-भुसावळ जवळपास २५ किलोमीटर, गाड्या बऱ्याच आहेत. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार ही सुरत मार्गावरची गावं रेल्वेनं जोडलेली आहेत, पण रात्रीच्या गाड्यांमध्ये अंतर मोठं असतं. धुळ्याहून रेल्वेनं निघायचं तर चाळीसगावमार्गे. शेवटच्या एसटीची वेळ स्टँडवरच्या चौकशी खिडकीत विचारा आणि त्याआधीच्या गाडीचा बेत करा. शहरातल्या शहरात रिक्षा रात्री नऊनंतर विरळ होतात. येतानाच्याच रिक्षावाल्याला थांबायचं किंवा परत यायचं ठरवून टाका, भाडं आधी बोला.

एकट्या मुलीनं किंवा बाईनं जावं का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. नाट्यगृहातले कार्यक्रम, उद्यानातल्या बैठका, युवारंग, दिवाळी पहाट इथे निर्धास्त जा; कुटुंबंच जास्त असतात. मैदानावरच्या मोठ्या शोला दोघी-तिघी मिळून जा, बायकांसाठी बसायला वेगळी बाजू ठेवलेली असते तिकडे बसा, मंचासमोरच्या नाचणाऱ्या घोळक्यापासून लांब. काही खटकलं तर थांबू नका, समोरच्या स्वयंसेवकाला किंवा पोलिसाला सांगा, ११२ वर फोन लावा. गाणं पुन्हा ऐकायला मिळेल.

कान सांभाळा

हे मी कळकळीनं सांगतो, कारण इथे याकडे कुणी बघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सोसता येतो, तर ९० डेसिबलचा फक्त ४ तास. आवाजाच्या गाडीजवळ उभं राहिलं तर पातळी याच्या कितीतरी वर जाते. २०२२ साली याच संघटनेनं संगीताच्या ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबल ही वरची मर्यादा सुचवली, आणि तिच्याच सोबत श्रोत्यांना कानात घालायचे बोळे द्यावेत, शांत बसायला वेगळी जागा असावी असंही सांगितलं. आपल्याकडे ती सोय कुणी करणार नाही, आपणच करावी लागेल. मेडिकलमध्ये फोमचे बोळे मिळतात, स्वस्त असतात. बोटांनी बारीक वळून, कान किंचित वर ओढून आत घाला आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. गाणं थांबत नाही, फक्त टोचणारी धार जाते. लहान मुलांना गाडीच्या पुढे खांद्यावर बसवून नेऊ नका. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर दोन-तीन दिवस मोठा आवाज टाळा. ती तशीच राहिली तर कानाच्या डॉक्टरांकडे जा.

ऐकणाऱ्याची रीत

दाद मोकळेपणानं द्या. समेवर हात, चांगल्या जागेला "वा!", आणि अहिराणी गाणं झालं की वाजवणाऱ्याला जाऊन "भाऊ, मस्त वाजाडं!" म्हणा, तो लगेच हसेल. फर्माईश चिठ्ठीवर लिहून निवेदकाकडे पाठवा, ओरडून मागू नका. गायकानं दोन सिनेमातली गाणी म्हटल्यावर तुम्ही त्याचं स्वतःचं गाणं मागितलंत तर त्याला काय वाटतं ते त्याच्या चेहऱ्यावर बघा. स्वतःची गाणी मागणारे श्रोते त्यांना फार थोडे भेटतात.

बक्षीस द्यायचं तर गाणं संपल्यावर, मंचाच्या कडेनं जाऊन, हातात. नोटा उधळू नका. वाजवणाऱ्याच्या पायाखाली पैसे पडणं मला कधीच बघवलं नाही. आणि गायकालाच देऊन थांबू नका. ढोलकीवाला, पॅडवाला, मागे उभा राहून झांज धरणारा म्हातारा यांचं नाव विचारा, त्यांनाही काही द्या. बँडमधला वादक महिनोन्‌महिने रात्री उभ्यानं वाजवतो, फुंकर घालणाऱ्यांचे ओठ हिवाळ्यात फाटतात, आणि पावसाळ्यात त्यातले कितीतरी जण शेतात किंवा दुसऱ्या कामावर जातात. त्यांचं नाव कुठे छापून येत नाही.

मोबाइलवर एखादं कडवं घ्या, अख्खा कार्यक्रम नको. विशेषतः अहिराणी कलाकारांची कमाई त्यांच्या स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवरच्या गाण्यांवर अवलंबून असते. तुम्ही पूर्ण गाणं तुमच्या नावानं टाकलंत तर तो त्यांचाच तोटा. छोटा तुकडा टाका, बँडचं नाव आणि गाव लिहा, आणि त्यांच्या चॅनेलचा दुवा द्या. वरातीत घेतलेल्या चित्रणात दुसऱ्याच्या घरच्या बायका-मुली दिसत असतील तर ते टाकूच नका.

वर्षभर ऐकल्यानंतर

सहा-आठ महिने असे ऐकत फिरलात की एक-दोन संच आपले वाटायला लागतात. मग पुढची गोष्ट करा: आपल्या सोसायटीच्या किंवा हॉस्टेलच्या गणपतीत डीजेऐवजी त्यांना बोलवा. मला या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो, कारण सार्वजनिक मंच वाढले तरच ही माणसं लग्नाखेरीज वाजवत राहतील.

त्यासाठी दोन महिने आधी प्रत्यक्ष जाऊन भेटा. किती माणसं, किती तास, गाडीसकट की फक्त वाद्यांसकट, हे स्पष्ट बोला. छोट्या पटांगणाला गाडी आणि मोठे स्पीकर लागत नाहीत. क्लॅरिनेट, ढोलकी, कीबोर्ड आणि एक गायक यांना दोन साधे स्पीकर पुरतात, आणि शेजारीही तक्रार करत नाहीत. बयाणा रोख किंवा यूपीआयनं द्या आणि चिठ्ठीवर तारीख-वेळ लिहून दोघांनी ठेवा. ध्वनिक्षेपकाची पोलिस परवानगी मंडळाच्या नावानं तुम्ही काढा, ते काम वादकांवर ढकलू नका. विजेची जोडणी कुठून घ्यायची ते आधी दाखवा, लाइट गेली तर काय, तेही ठरवा. त्यांनी काय वाजवावं याची यादी देऊ नका. पाच-सहा गाणी सुचवा आणि बाकी त्यांच्यावर सोडा, निदान दोन गाणी त्यांची स्वतःची होतील एवढं मात्र आवर्जून सांगा. उरलेले पैसे कार्यक्रम संपताच द्या, "उद्या या" म्हणू नका. आणि जेवणाचं आधी विचारून ठेवा. फुंकून वाजवणारे कार्यक्रमाआधी जेवत नाहीत. दहा वाजता वाद्यं पेटीत गेल्यावर त्यांच्यासाठी शेवभाजी आणि गरम भाकरी तयार हवी, आणि यजमानांपैकी कुणीतरी पंगतीला त्यांच्यासोबत बसायला हवं.